शब्दांचे कूळ आणि मूळ

महाराष्ट्रातील एखादा शेतकरी 'माझी दोन एकर जमीन आहे' असे सांगतो, तेव्हा आपण परकीय शब्द वापरीत आहोत, हे त्याच्या मनातही येत नाही. 'विहीर इथून फर्लांगभर लांब आहे' असे जुन्या पिढीतील माणूस सहज बोलून जातो. एकर आणि फर्लांग हे दोन्ही शब्द ब्रिटिश अमलात जमीनमोजणीच्या आणि रस्त्यांच्या निमित्ताने मराठीत आले व इथलेच होऊन गेले. ते सरकारी कचेरीतून आले, म्हणून ते कचेरीतच जन्मले असावेत, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. या दोन्ही शब्दांचा जन्म नांगरामागे, मातीत झालेला आहे.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'ऍकर' या शब्दाचा अर्थ होता शेत. त्याला ठराविक माप नव्हते. पुढे बैलांच्या एका औताने एका दिवसात जेवढी जमीन नांगरून व्हावी, तेवढ्या जमिनीला एकर म्हणू लागले. फर्लांग हा शब्द 'फुर्ह' म्हणजे नांगराचे तास आणि 'लांग' म्हणजे लांब या दोन शब्दांपासून बनला. एका दमात ओढलेल्या तासाची लांबी म्हणजे फर्लांग. जड नांगर आणि बैलांच्या अनेक जोड्या यांना वारंवार वळविणे अवघड असे. त्यामुळे तेथील शेते लांबट पट्ट्यांची असत. पुढे मापे निश्चित झाली, तेव्हा फर्लांग २२० यार्डांचा ठरला. २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद असा पट्टा म्हणजे ४,८४० चौरस यार्ड, अर्थात एक एकर. आपल्याकडील गुंठा १२१ चौरस यार्डांचा असतो. असे ४० गुंठे मिळून हाच एकर भरतो. बैलाच्या दमाने ठरलेले माप अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले.

जुनी इंग्रजी म्हणजे कोणती?

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आजच्या उत्तर जर्मनी व डेन्मार्क या भागांतून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्या ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झाल्या. त्यांच्या बोलींतून जी भाषा घडली, तिला भाषाभ्यासक जुनी इंग्रजी म्हणतात. तिचा काळ साधारणपणे इ. स. ४५० ते ११५० असा मानला जातो. शेक्सपिअरची भाषा जुनी वाटत असली, तरी ती या अर्थाने जुनी इंग्रजी नव्हे. तो १५६४ ते १६१६ या काळात होऊन गेला आणि त्याची भाषा आधुनिक इंग्रजीच्या आरंभकाळातील आहे. खरी जुनी इंग्रजी आजच्या इंग्रज माणसाला स्वतंत्रपणे शिकल्यावाचून वाचता येत नाही. आजच्या मराठी वाचकाला महाराष्ट्री प्राकृत जितकी अनोळखी वाटेल, तितकीच ती त्याला अनोळखी आहे.

या जुन्या भाषेतील कितीतरी शब्द काळाच्या ओघात लुप्त झाले. जे उरले, ते मात्र रोजच्या जगण्यातले आहेत. आई, भाऊ, घर, पाणी, खाणे, झोपणे, येणे, जाणे यांसाठी इंग्रजीत आजही वापरले जाणारे शब्द याच काळातले आहेत.

त्यांतील काही शब्द भारतीय वाचकाला ओळखीचे वाटतील. जुन्या इंग्रजीत आईला 'मोडोर', भावाला 'ब्रोथोर' आणि विधवेला 'विडुवे' म्हणत. संस्कृतातील मातृ, भ्रातृ आणि विधवा या शब्दांशी त्यांचे साम्य उघड आहे. बैलांच्या मानेवरील जुवाला इंग्रजीत 'योक' म्हणतात. मराठी 'जू' हा शब्द संस्कृत 'युग' यापासून आला आणि योक हा त्याचाच चुलतभाऊ आहे. जुन्या इंग्रजीतील 'फेओख' या शब्दाचे गुरेढोरे आणि संपत्ती असे दोन्ही अर्थ होते. त्याचे नाते संस्कृत 'पशु' या शब्दाशी आहे. आपणही गुराढोरांना पशुधन म्हणतोच.

संस्कृत आणि युरोपातील भाषा यांच्या नात्याकडे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यातील एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात विद्वानांचे लक्ष वेधले. मात्र येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाले, असा याचा अर्थ नाही. दोन्ही भाषांची कुळे एका अतिप्राचीन समान पूर्वज भाषेपर्यंत पोहोचतात, एवढाच त्याचा अर्थ आहे. चुलतभावंडांचे आजोबा एक असतात, म्हणून एक भाऊ दुसऱ्याचा बाप ठरत नाही.

भाकरीचा रखवालदार

'लॉर्ड' हा शब्द ऐकला की राजवाडा, उंची पोशाख आणि अधिकार डोळ्यांसमोर येतो. या शब्दाचे मूळ रूप होते 'ह्लाफवेआर्ड'. 'ह्लाफ' म्हणजे पाव किंवा भाकरी, आणि 'वेआर्ड' म्हणजे राखणारा. भाकरी राखणारा तो लॉर्ड. 'लेडी' या शब्दाचे जुने रूप 'ह्लॅफडिये' असे होते. त्याचा अर्थ पावाची कणीक मळणारी. याच व्यवस्थेतील चाकरालाही एक नाव होते : 'ह्लाफॅटा', म्हणजे दुसऱ्याची भाकरी खाणारा. केंट प्रांताचा राजा एथेलबर्ट याने सातव्या शतकाच्या आरंभी केलेल्या कायद्यांत हा शब्द येतो. इंग्रजी भाषेत लिहिलेले हे सर्वांत जुने कायदे होत.

एक राखतो, एक मळते आणि एक खातो. या तीन शब्दांत त्या समाजाची सारी रचना दिसते. धान्य ज्याच्या ताब्यात, सत्ता त्याच्या हाती, हे तत्त्व त्या भाषेने लपवून ठेवले नव्हते. पुढे लॉर्ड आणि लेडी हे शब्द झिजले. त्यांतील भाकरी ऐकू येईनाशी झाली आणि उरला तो केवळ मान. चाकराचा शब्द तर भाषेतूनच नाहीसा झाला. पावाच्या लादीला इंग्रजीत आजही 'लोफ' म्हणतात, तेवढीच त्या जुन्या भाकरीची खूण उरली आहे.

माणूस कोणाला म्हणावे?

आज इंग्रजीत 'मॅन' म्हणजे मुख्यतः पुरुष. जुन्या इंग्रजीत मात्र 'मन्न' म्हणजे माणूस, मग तो पुरुष असो की स्त्री. पुरुषासाठी 'वेर' असा वेगळा शब्द होता आणि स्त्रीसाठी 'वीफ' असा वेगळा. 'वीफमन्न' म्हणजे स्त्री-माणूस. त्याचेच पुढे 'वुमन' झाले. कालांतराने 'वेर' हा शब्द वापरातून गेला आणि 'माणूस' या अर्थाचा शब्द पुरुषाने व्यापून टाकला. 'वीफ'चा अर्थ आकुंचन पावून पत्नी एवढाच राहिला. दाईला इंग्रजीत 'मिडवाइफ' म्हणतात. त्यात वाइफचा जुना अर्थ टिकून आहे. 'मिड' म्हणजे सोबत. बाळंतिणीच्या सोबत असणारी ती मिडवाइफ.

लुप्त झालेला 'वेर' हा शब्द जुन्या कायद्यांत वारंवार भेटतो. 'वेरगिल्ड' म्हणजे माणसाच्या जिवाचे मोल. कोणी कोणाची हत्या केली, तर मृताच्या कुटुंबाला ही रक्कम द्यावी लागे. वेसेक्स राज्यात साध्या शेतकऱ्याचे मोल २०० शिलिंग आणि उमरावाचे १,२०० शिलिंग होते. माणूस म्हणून सर्वांना एकच शब्द होता, पण जिवाची किंमत एक नव्हती. समाज काय बोलतो आणि कसा वागतो, यांतील अंतरही जुन्या शब्दांमुळे असे उघड होते.

अर्थाचे चढउतार

शब्दांचे नशीब माणसांप्रमाणे पालटते. जुन्या इंग्रजीत 'क्निख्ट' आणि 'क्नाफा' या दोन्ही शब्दांचा अर्थ पोरगा असा होता आणि दोन्ही शब्द चाकरासाठीही वापरले जात. पहिला शब्द घोड्यावरून लढणाऱ्या सैनिकांना लागू झाला, वर चढत गेला आणि 'नाइट', म्हणजे सरदार वीर बनला. दुसरा चाकरीतच राहिला, खाली घसरला आणि 'नेव्ह', म्हणजे लबाड माणूस झाला. एकाच पायरीवरून निघालेले हे दोन शब्द. त्यांच्या मुळातील अर्थात चांगले-वाईट काहीच नव्हते. शब्द कोणाच्या वाट्याला गेला, यावर त्याची प्रतिष्ठा ठरली.

'सिली' हा शब्द आज मूर्ख या अर्थाने वापरतात. त्याचे जुने रूप 'सॅलिग', आणि अर्थ होता सुखी, धन्य. धन्य माणूस निष्पाप मानला गेला, निष्पाप माणूस बिचारा वाटू लागला आणि शेवटी बिचारा माणूस मूर्ख ठरला. 'स्टार्व्ह' म्हणजे आज उपासमार होणे. जुना 'स्टेओर्फान' म्हणजे केवळ मरणे. 'मीट' म्हणजे आज मांस, पूर्वी कोणतेही अन्न. 'डिअर' म्हणजे आज हरीण, पूर्वी कोणतेही जनावर. या शेवटच्या शब्दाची कहाणी भारतीय वाचकाला नवी नाही. संस्कृतात 'मृग' म्हणजेही आरंभी कोणताही वन्य पशू. म्हणूनच सिंहाला मृगेंद्र म्हणतात. पुढे मृग म्हणजे हरीण एवढाच अर्थ रूढ झाला. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या दोन भाषांत अर्थ एकाच वाटेने चालत गेला.

वाऱ्याचा डोळा

इ. स. ७९३ मध्ये उत्तरेकडील समुद्रमार्गाने आलेल्या व्हायकिंग लोकांनी लिंडिसफार्न बेटावरील मठावर हल्ला केला. त्यानंतर दीर्घकाळ लुटालूट आणि लढाया झाल्या. पण पुढे हेच लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत शेजारी म्हणून राहू लागले आणि त्यांचे शब्द इंग्रजीत मिसळले. 'विंडो' हा त्यांचाच शब्द. त्याचा मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. जुन्या इंग्रजीत खिडकीला 'डोळ्याचे भोक' अशा अर्थाचा शब्द होता, तो मागे पडला. संस्कृतातील 'गवाक्ष' म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा. भिंतीतील झरोका पाहून वेगवेगळ्या देशांतील माणसांना डोळाच आठवला.

'हजबंड' म्हणजे घरधनी, हा शब्दही उत्तरेकडचा. इतकेच नव्हे, तर 'लॉ' म्हणजे कायदा हा शब्दसुद्धा व्हायकिंगांकडून आलेला आहे. ज्यांनी आधी लुटले, त्यांच्याच भाषेतून कायद्याला नाव मिळाले. भाषा शत्रुत्व फार काळ लक्षात ठेवीत नाही.

गोठा एकाचा, ताट दुसऱ्याचे

१०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताचा सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकले. राजदरबार, न्यायालय आणि उच्चवर्ग यांची भाषा फ्रेंच झाली. धर्माची आणि विद्येची भाषा लॅटिन होतीच. इंग्रजी उरली ती शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या आणि मोलकऱ्यांच्या तोंडी.

या काळाचे ठसे आजही दिसतात. गोठ्यातील जनावरांची नावे इंग्रजी आहेत : बैल म्हणजे 'ऑक्स', मेंढी म्हणजे 'शीप', डुक्कर म्हणजे 'स्वाइन'. तीच जनावरे शिजून ताटात आली, की त्यांची नावे फ्रेंच होतात : 'बीफ', 'मटन', 'पोर्क'. जनावर पोसणारा इंग्रजी बोलत होता आणि जेवणारा फ्रेंच. वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराने 'आयव्हॅन्हो' या १८१९ च्या कादंबरीत हा भेद रंगविल्यामुळे तो सर्वत्र प्रसिद्ध झाला. सर्वच शब्दांची वाटणी इतकी काटेकोर झाली, असे मात्र नाही. पण सत्तेची भाषा आणि श्रमाची भाषा वेगळी झाली म्हणजे काय होते, याचा हा बोलका पुरावा आहे.

त्याचा खरा जाच न्यायालयात होई. ज्याच्यावर खटला चालला आहे, त्यालाच आपल्याविषयी काय बोलले जात आहे, हे कळत नसे. अखेर १३६२ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा केला. लोकांना फ्रेंच कळत नाही, त्यामुळे आपल्या बाजूने किंवा आपल्याविरुद्ध काय मांडले जात आहे, याचे त्यांना ज्ञान नसते, असे कारण देऊन न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत चालावेत, असे त्यात म्हटले होते. गंमत अशी, की हा कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. न्यायालयाच्या नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या आणि वकिलांनीही फ्रेंच सहजासहजी सोडली नाही. न्यायालयाचे लेखी कामकाज पूर्णपणे इंग्रजीत येण्यास १७३३ साल उजाडावे लागले. पहिल्या कायद्यापासून त्याला ३७१ वर्षे लागली.

आज जी भाषा जगभर प्रतिष्ठेची मानली जाते, ती एके काळी आपल्याच देशात गावंढळ समजली जात होती. तिच्या शब्दांत तेव्हाही हेच सामर्थ्य होते. बदलली ती बोलणाऱ्यांची स्थिती.

न उच्चारलेली अक्षरे

इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढाला सर्वाधिक त्रास होतो तो स्पेलिंगचा. 'नाइट' या शब्दाच्या आरंभी 'के' हे अक्षर का, आणि मधली दोन अक्षरे उच्चारायची नाहीत, तर लिहायची कशाला, असे त्याला वाटते. याचे उत्तर 'क्निख्ट' या जुन्या रूपात आहे. त्यातील 'क' आणि 'ख' पूर्वी स्पष्ट उच्चारले जात. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ च्या सुमारास वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. छपाईमुळे शब्दांची लेखी रूपे हळूहळू स्थिर झाली. उच्चार मात्र बदलत राहिले. अशा रीतीने कागदावर जुना उच्चार आणि जिभेवर नवा, अशी फारकत झाली. तेव्हा ही अक्षरे लक्षात राहत नसतील, तर तो शिकणाऱ्याच्या बुद्धीचा दोष नव्हे. ती इतिहासाने मागे ठेवलेली खूण आहे, आणि कारण कळले की ती लक्षात ठेवणेही सोपे जाते.

गिरणीतला मुलगा

शब्दांची ही कुळकथा कळते कशी? जुनी हस्तलिखिते, कायदे, दानपत्रे आणि गावांची नावे तपासून, तसेच नात्यातील भाषांची तुलना करून अभ्यासक शब्दाचे मूळ ठरवितात. नुसत्या सारख्या दिसण्यावर विसंबता येत नाही. नवऱ्या मुलाला इंग्रजीत 'ब्राइडग्रूम' म्हणतात. 'ग्रूम' म्हणजे मोतद्दार, तेव्हा या शब्दाचा घोड्यांशी संबंध असावा, असे वाटेल. प्रत्यक्षात जुना शब्द 'ब्रिडगुमा' असा होता आणि 'गुमा' म्हणजे पुरुष. 'गुमा' हा शब्द लोक विसरले आणि त्याच्या जागी ओळखीचा शब्द बसविला. अशा समजुतीला लोकव्युत्पत्ती म्हणतात. तिच्यापासून अभ्यासकाला सावध राहावे लागते.

या अभ्यासाला वाहून घेतलेल्यांपैकी एक होते जोसेफ राइट. त्यांचा जन्म १८५५ साली इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात एका गरीब कुटुंबात झाला. सहाव्या वर्षी ते दगडाच्या खाणीत गाढव हाकण्याच्या कामाला लागले आणि त्यानंतर गिरणीत. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. इतरांना युद्धाच्या बातम्या वाचताना पाहून आपल्यालाही वाचता आले पाहिजे, असे त्यांना वाटले. दिवसा गिरणी आणि रात्री अभ्यास, असे करीत ते शिकले. पुढे साठविलेल्या पैशांतून जर्मनीत हायडेलबर्गला गेले आणि १८८५ साली तेथील विद्यापीठाचे डॉक्टर झाले. १९०१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठात ते तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८९८ ते १९०५ या काळात त्यांनी इंग्रजीच्या ग्रामीण बोलींचा कोश ६ खंडांत प्रसिद्ध केला आणि १९०८ मध्ये पत्नी एलिझाबेथ यांच्यासह जुन्या इंग्रजीचे व्याकरण लिहिले.

राइट यांच्या लहानपणीची बोली अशुद्ध आणि अडाणी मानली जाई. तिच्यातच कितीतरी जुने शब्द आणि जुनी रूपे जपली गेली आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. पुस्तकी भाषेने टाकून दिलेले शब्द गुराख्याच्या, विणकराच्या आणि गिरणी कामगाराच्या बोलण्यात जिवंत होते. ज्यांना त्या लोकांत राहण्याचा अनुभव होता, त्यांनाच ते ऐकू आले.

शब्दाचे मूळ शोधणे म्हणजे केवळ कोशातील अर्थ पाठ करणे नव्हे. एकर या शब्दात बैलाचा दम आहे, लॉर्ड या शब्दात भाकरीची राखण आहे आणि नाइट या शब्दाच्या आरंभी एका चाकर पोराचा विसरला गेलेला उच्चार आहे. ज्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत कोणी लिहिली नाहीत, अशा माणसांचे श्रम शब्दांनी आपल्यापुरते नोंदवून ठेवले आहेत. आपल्या घरात, शेतात आणि बाजारात रोज उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांतही अशाच नोंदी आहेत. त्या वाचण्यास वयाची अट नाही.